हाताळण्याजोगा अभ्यास-संच : प्रकल्पाच्या नोंदी

४ जानेवारी

माजी विद्यार्थी मंडळाच्या कार्यकारिणीने विचारले आहे की, मंडळाच्या निधीसाठी मी एक दिवसाचा मूल्यांकन मेळावा घ्यावा. लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू आणाव्यात, मी किंमत सांगावी आणि जमलेले शुल्क मंडळाला द्यावे. सजावटी कलांच्या ज्या अभ्यासक्रमाने मला वस्तू पाहायला शिकवले, त्याच्या मंडळाला वेळ द्यायला माझी ना नाही. मात्र या स्वरूपाला मी लेखी नकार कळवला. एकाच किटलीची विम्यासाठीची बदली किंमत, खुल्या बाजारातला वाजवी भाव आणि घाईने विकताना पदरात पडणारी रक्कम या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हेतू व तारीख न ठरवता उच्चारलेला आकडा यांपैकी कोणतीच नसतो. तरीही तोच आकडा पुढे वाटणीच्या वादात पुरावा म्हणून निघतो आणि सांगणाऱ्याचे नाव त्याला चिकटलेले राहते.

त्याऐवजी मी असे सुचवले की, मंडळासाठी एक अभ्यास-संच तयार करावा. त्यात तुटलेल्या, सांधलेल्या, पुन्हा रंगवलेल्या, मुलामा बदललेल्या आणि दोन वस्तूंचे भाग जुळवून एक केलेल्या अशाच वस्तू असाव्यात, आणि त्या सभासदांनी हातात घेऊन तपासाव्यात. आमच्या अभ्यासक्रमात उत्तमोत्तम वस्तू काचेआडून पाहायला मिळाल्या. परंतु व्यवसायात समोर येणाऱ्या वस्तूंपैकी फार मोठा भाग डागडुजी झालेलाच असतो, आणि डागडुजी ओळखण्याचे शिक्षण काचेआडून मिळत नाही. शिवाय अशा वस्तूंना बाजारात फारशी किंमत नसल्याने त्या देणगीदाखल मागायला संकोच वाटत नाही.

११ जानेवारी

कार्यकारिणीने होकार दिला आहे. अध्यक्षबाईंची एक अट आहे की, संच माझ्या घरी न राहता मंडळाच्या मालकीचा व्हावा. ती योग्यच आहे.

१९ जानेवारी

कोणत्या वस्तू घ्यायच्या नाहीत, हे आधी ठरवले. हस्तिदंत घेणार नाही, मग तो कितीही जुना असो आणि बटणाएवढा असो. आफ्रिकी हत्तीला साइट्स कराराच्या (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात घालण्याचा निर्णय १९८९ साली झाला, आशियाई हत्ती त्याआधीपासूनच तिथे होता, आणि त्यानंतर देशोदेशीचे नियम इतके वेगवेगळे झाले आहेत की सभासदांमध्ये फिरणाऱ्या संचात त्याचा समावेश करणे म्हणजे प्रत्येकाच्या गळ्यात कागदपत्रांचे लोढणे बांधणे होय. कासवाच्या पाठीचे कामही त्याच कारणाने वगळले. ब्राझिली रोझवुड १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणून त्या लाकडाची छोटी पेटी देऊ करणाऱ्या सहाध्यायाला आभार मानून परत पाठवले.

जुने आरसेही नकोत. १८३५ साली युस्टुस फॉन लीबिग यांनी काचेवर चांदीचा थर चढवण्याची रासायनिक पद्धत शोधण्यापूर्वी आरशांची पाठ कथील आणि पारा यांच्या मिश्रणाची असे; सुटत चाललेल्या अशा पाठीतून पारा बाहेर येतो. शिकण्यासारखे त्यात पुष्कळ आहे, पण ते छायाचित्रांवरून शिकावे.

तिसरी अट कागदाची. वस्तू देणाऱ्याकडे ती कशी आली याची दोन ओळींची तरी सही केलेली नोंद हवी. वस्तू मोडकी असली तरी तिचा मालकी-इतिहास मोडका चालणार नाही.

२ फेब्रुवारी

चांदीचा भाग आज जुळला. माझ्या कपाटातले जुन्या शेफील्ड प्लेटचे तबक त्यात जाईल. त्याचा कडा झिजून तांबे उघडे पडले आहे, त्यामुळे ते विकाऊ नाही, पण शिकवण्यासाठी त्याहून चांगले तबक मिळणे कठीण आहे.

१७४३ च्या सुमारास शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हर यांनी तांब्यावर चांदीचा पत्रा उष्णतेने एकजीव करण्याची रीत काढली. त्या दुपदरी पत्र्यापासून भांडी घडवली जात, म्हणजे चांदी आधी आणि आकार नंतर. त्यामुळे पत्रा जिथे कापला तिथे मधले तांबे दिसते, आणि ते लपवण्यासाठी कड्यावर चांदीची तार बसवावी लागते किंवा वरचा थर दुमडून खाली घ्यावा लागतो. एल्किंग्टन यांनी १८४० साली विद्युत मुलाम्याचे (विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवण्याचे) पेटंट घेतल्यावर हा क्रम उलटला : भांडे आधी घडवायचे आणि चांदी नंतर चढवायची. मग सांधे, कडे, कोपरे सगळे एकाच सलग थराखाली जातात. हा क्रम समजलेला माणूस तबकाच्या कड्यावरून नख फिरवून जे सांगेल ते पुस्तकातल्या खुणांचे तक्ते पाठ असलेल्याला सांगता येणार नाही.

या तबकाची आणखी एक गंमत मध्यभागी आहे. दुपदरी पत्र्यावर कुलचिन्ह कोरले तर कोरणीचे टोक तांब्यापर्यंत पोचते. म्हणून कारागीर तेवढ्या जागी जाड चांदीचा तुकडा बसवत असत. नेहमीच्या उजेडात तो दिसत नाही. तबकावर तोंडाची वाफ सोडली की काही क्षण त्या तुकड्याची सीमारेषा उमटते आणि मग विरून जाते. वाफ सोडायची, तिरपा उजेड घ्यायचा आणि लगेच पाहायचे, एवढेच नोंद-पत्रकावर लिहिले. उत्तर लिहिले नाही.

जोडीला त्याच काळातले दुसरे तबक आहे, ज्याला नंतरच्या कोणी मालकाने हौसेने विद्युत मुलामा दिला. तो शुद्ध चांदीचा असल्याने पांढराशुभ्र दिसतो, तर पहिल्याचा मूळ थर स्टर्लिंग मिश्रणाचा (थोडे तांबे मिसळलेल्या चांदीचा) म्हणून किंचित निळसर करडा आहे. दोन्ही शेजारी ठेवले की फरक सांगावा लागत नाही. दुसऱ्या तबकाची चमक वाढली आणि त्यावरचा बहुतेक पुरावा झाकला गेला. नवे पॉलिश आणि नवा मुलामा मागणाऱ्या अशिलांना मी हेच समजावत असते, आणि बहुधा उशीर झालेला असतो.

९ फेब्रुवारी

चांदीतच आणखी एक वस्तू : फळांची उठावदार नक्षी असलेला मोठा चमचा. दांड्यावर इंग्लंडची खरी हॉलमार्क आहे, स्टर्लिंग चांदीची खूण असलेला चालता सिंह आहे, आणि १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून ठोकले जाणारे राजमुखही आहे. चमचा अठराव्या शतकाच्या अखेरचा, यात शंका नाही. नक्षी मात्र एकोणिसाव्या शतकातली. साधे जुने चमचे घेऊन त्यांवर फळे उठवण्याची आणि सोन्याचा मुलामा देण्याची तेव्हा टूम होती. वाटीच्या मागच्या बाजूला हात फिरवला की धातू ताणून पातळ झालेला जाणवतो.

खूण खरी आणि वस्तू मात्र खुणेच्या तारखेची नाही, ही परिस्थिती संचात पुन्हा पुन्हा यावी असे आता ठरवले आहे. नकली खूण ओळखायला बरेच जण शिकतात. खऱ्या खुणेवर किती भिस्त ठेवायची, हे शिकवायला मात्र फारसे कोणी बसत नाही.

२३ फेब्रुवारी

पोर्सेलिनचे खोके उघडले. जर्मनीतला मायसेनचा कारखाना १७१० साली सुरू झाला आणि त्याची एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारींची खूण १७२० च्या दशकात आली; तेव्हापासून तिची नक्कल थांबलेली नाही. आपल्याकडे आलेल्या बशीवरच्या तलवारी अस्सल आहेत, पण त्यांवर फिरत्या घासचाकाने कापलेल्या रेघा आहेत. दुय्यम ठरलेला माल कारखाना अशा रेघा मारून विकत असे आणि बाहेरचे चित्रकार तो रंगवत. बशीवरची फुले साधारणच आहेत.

सेव्हर या फ्रेंच कारखान्याच्या पद्धतीची थाळी अधिक रंजक आहे. मागे एकमेकांत गुंतलेले दोन 'एल' आहेत आणि आत कालदर्शक अक्षर आहे. ही अक्षरे १७५३ पासून सुरू होतात आणि या थाळीचे अक्षर १७६० च्या दशकात पडते. माती जुन्या मऊ पोर्सेलिनचीच आहे, झिलई मऊ आणि दाट आहे, बुडाच्या कडीवर सुरीसारख्या धातूने पडलेले जुने ओरखडे आहेत. पण किनारीचा हिरवा रंग क्रोमियमचा आहे. क्रोमियम हे मूलद्रव्यच लुई-निकोला व्होकलँ यांनी १७९७ साली शोधले आणि पोर्सेलिनवरचा त्याचा रंग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वापरात आला. त्याआधीचा हिरवा तांब्यापासून मिळे. एका सभासदाने आपल्या प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण प्रतिदीप्ती उपकरणावर (क्ष-किरण टाकून पदार्थातली मूलद्रव्ये ओळखणाऱ्या यंत्रावर) थाळी धरून क्रोमियमची रेषा दाखवली, आणि त्याची छापील प्रत आता पत्रकाला जोडली आहे.

उपकरण नसते तरी थाळीने स्वतःच सांगितले असते. पांढऱ्या भागात भिंगाखाली बारीक काळे ठिपके दिसतात. जुने मऊ पोर्सेलिन नंतर पुन्हा भट्टीत घातले की झिलईत असे ठिपके उठतात. सेव्हरने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जुना न रंगवलेला साठा विकून टाकला होता, आणि त्यातला बराच माल बाहेरच्या कारागिरांनी आधीच्या शतकाच्या थाटात सजवला. तेव्हा माती खरी, खूणही खरी असू शकते, आणि ज्यासाठी लोक पैसे मोजतात ती रंगसजावट नंतरची.

चेंग्वा राजवटीची (१४६५ ते १४८७) सहा अक्षरी खूण असलेला चिनी वाडगा एकोणिसाव्या शतकातला आहे. चीनमध्ये आधीच्या राजवटीची खूण घालण्यात फसवणुकीपेक्षा आदराचा भाग पुष्कळदा असे, म्हणून पत्रकावर 'बनावट' हा शब्द खोडून 'पूर्वराजवटीची खूण' असे लिहिले.

२ मार्च

नोंद-पत्रकाचा नमुना पक्का केला. आधार म्हणून १९९७ साली आलेले ऑब्जेक्ट आयडी हे आंतरराष्ट्रीय मानक घेतले. वस्तूचा प्रकार, साहित्य आणि तंत्र, मापे, खुणा व लेख, वेगळेपण दाखवणारी वैशिष्ट्ये, विषय, काळ आणि कर्ता अशा तपशिलांचा त्यात समावेश आहे. चोरीला गेलेल्या वस्तू ओळखता याव्यात हा त्याचा मूळ उद्देश असल्याने टवके, तडे, डाग यांना त्यात फार मान आहे. एकाच साच्यातून निघालेल्या शंभर बशांमधून आपली बशी तिच्या टवक्यावरूनच सापडते. मी क्रम तेवढा बदलला. खुणांचा रकाना सर्वांत खाली नेला आणि किंमतीचा रकाना ठेवलाच नाही.

१६ मार्च

फर्निचर अख्खे ठेवणे शक्य नाही, म्हणून एक गोल मेजाचा वरचा भाग आणि एक सुटा खण एवढेच घेतले.

मेजाच्या फळीवर पत्रकात एकच सूचना आहे : व्यास दोनदा मोजा, एकदा लाकडाच्या रेषांच्या दिशेने आणि एकदा आडवा. लाकूड आडव्या दिशेने आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे दीडदोनशे वर्षांपूर्वी गोल कापलेली फळी आज गोल राहत नाही. या फळीत काही मिलिमीटरांचा फरक येतो. नव्याने बनवलेल्या 'जुन्या' मेजात तो येत नाही, अर्थात बनवणारा हुशार असेल तर फळी अंडाकृती कापायला त्याला कोणी अडवलेले नाही. म्हणून हा पुरावा एकटा पुरेसा नाही, हेही पत्रकात घातले.

खण पाहून सुतारकाम जाणणारे सभासद खूश होतील. पुढच्या बाजूचे डव्हटेल (एकमेकांत अडकणाऱ्या दातांचे) सांधे हाताने कापलेले, कमीजास्त रुंदीचे, आणि आखणीच्या रेघा अजून दिसणारे आहेत. मागची फळी यंत्राने कापलेली, सर्व दात सारखे. तळ गोल तारेच्या खिळ्यांनी ठोकला आहे, आणि असे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास झाले. मुठीचे स्क्रू टोकदार आहेत; यंत्राने बनवलेल्या टोकदार स्क्रूचे टॉमस स्लोन यांचे पेटंट १८४६ चे आहे, त्याआधीचे स्क्रू बोथट असत आणि त्यांची खाच मधोमध असेलच असे नाही. आता आतून पाहावे. मुठीच्या जागी आत भोकांच्या तीन जोड्या आहेत, म्हणजे मुठी निदान दोनदा बदलल्या. बाहेर मात्र एकच जोडी दिसते आणि बुजवलेल्या भोकांचा मागमूस नाही. याचा अर्थ बाहेरचे व्हिनिअर (लाकडाचा पातळ थर) नंतर चढवलेले आहे. एका खणाच्या दर्शनी फळीत इतकी कहाणी सापडते, आणि ती वाचायला टॉर्च व बोट एवढेच लागते.

६ एप्रिल

पहिले चाचणी सत्र झाले. सभासदांमध्ये नुकतेच पदवी घेतलेले होते तसेच आयुष्यभर संग्रहालयात काम करून निवृत्त झालेलेही होते. वस्तू हातात देताच जवळजवळ प्रत्येकाने ती उलटी केली आणि खूण शोधली. माझीही बोटे सवयीने तिकडेच जातात. खूण वाचून झाली की मग वस्तू त्या खुणेला अनुकूल दिसू लागते, आणि विरोधी पुरावा नजरेआड होतो.

पुढच्या सत्रापासून खुणा झाकायच्या. चिकटपट्टी वापरणार नाही, कारण सोनेरी किनार आणि जुना रंग तिच्याबरोबर सुटून येतो. बुडाला सुती कापडाची सैल टोपी बांधायची आणि वजन, साहित्य, घडण, झीज यांचे रकाने भरल्याशिवाय ती सोडायची नाही.

हातमोज्यांवरून चर्चा झाली. निवृत्त सहकाऱ्यांना पांढऱ्या सुती मोज्यांची सवय होती. पोर्सेलिन आणि काच त्यांतून निसटते, म्हणून ती धुतलेल्या कोरड्या हातांनी, चांदी मात्र नायट्राइल मोज्यांनी, असा नियम केला. भांडे कानाला किंवा मुठीला धरून उचलायचे नाही, कारण जुनी डागडुजी बहुतेक वेळा तिथेच असते.

पितळी तारेच्या कड्या घालून सांधलेली एक मोठी थाळी संचात आहे. चांगले गोंद येण्यापूर्वी चिनी मातीला मागून अर्धवट खोलीची भोके पाडून अशा कड्या ताणून बसवत. सभासदांतले एक दुरुस्ती-तज्ज्ञ म्हणाले की, कड्या काढून आजच्या पद्धतीने सांधा अदृश्य करता येईल, आणि तसे विनामूल्य करून देण्याची तयारीही दाखवली. मी नको म्हटले. ते म्हणाले, "मग गंजलेल्या तारेने झिलईवर डाग पडत राहील त्याचे काय?" मुद्दा बिनतोड आहे. थाळी कोरड्या जागी ठेवावी, डागाचे दरवर्षी छायाचित्र घ्यावे आणि तो वाढला तर फेरविचार करावा, यावर आम्ही थांबलो.

२७ एप्रिल

आजचे सत्र वस्तूंचे नव्हते, अहवालांचे होते. व्यवसायात नवीन आलेल्या सभासदांनी आपापल्या अहवालांचे मसुदे अशिलांची नावे काढून आणले. सर्वांत जास्त वेळ निश्चितीच्या भाषेवर गेला. 'अमुक कारखान्याचे', 'अमुक कारखान्याचे असावे', 'अमुक कारखान्याच्या शैलीत' आणि 'अमुक कारखान्याच्या नमुन्यावरून नंतर केलेले' हे चार निरनिराळे दावे आहेत, आणि प्रत्येकामागे कोणता पुरावा आहे ते त्याच परिच्छेदात लिहिले पाहिजे. बऱ्याच मसुद्यांत पहिल्या पानावर 'असावे' होते आणि शेवटच्या पानावर किंमत काढताना ते गळून पडले होते.

एका मसुद्यात १८४२ ते १८८३ दरम्यान वापरली गेलेली ब्रिटिश नोंदणीची चौकट-खूण वाचून वस्तूची तारीख दिवसासकट दिली होती. खूण बरोबर वाचली होती. परंतु ती आराखड्याच्या नोंदणीची तारीख सांगते, वस्तू घडवल्याची नाही. तारीख 'त्या दिवशी किंवा नंतर' अशीच लिहावी लागते. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यामुळे मालावर मूळ देशाचे नाव येऊ लागले, त्याबाबतही अशीच सावधगिरी हवी : देशाचे नाव असणे हा पुरावा आहे, नसणे हा फारच लंगडा पुरावा आहे.

शुल्काबाबत मी ठाम बोलले. किंमतीच्या टक्क्यावर शुल्क घेऊ नये, आणि ज्या वस्तूचे मूल्यांकन केले ती स्वतः विकत घेऊ नये. एकाने विचारले की, अशील स्वतःहून गळ घालत असेल तर काय करावे. तरीही घेऊ नये.

१८ मे

बांधाबांध. आम्लरहित कागद, पॉलिथिलीनचा फेस आणि प्रत्येक वस्तूला स्वतंत्र कप्पा. चांदीजवळ रबर, लोकर आणि वर्तमानपत्र येऊ द्यायचे नाही. रबर आणि लोकर यांतून सुटणाऱ्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळवंडते, आणि रबरबँडच्या रेघा तर पॉलिशनेही सहज जात नाहीत. संच नेणाऱ्याने आणि परत घेणाऱ्याने एकत्र बसून स्थितीची यादी तपासायची. नवा टवका पडला तर दंड नाही, पण तो त्याच दिवशी पत्रकात नोंदवायचा.

१ जून

कार्यकारिणीत मेळाव्याचा विषय पुन्हा निघाला, कारण निधीची गरज खरीच आहे. वर्षातून एकदा ओळख-सत्र घ्यायचे ठरले : लोकांनी वस्तू आणाव्यात, सभासदांनी जोडीने बसून पत्रक भरावे, मी फेरतपासणी करावी, आणि पत्रकाची प्रत मालकाला मिळावी. शुल्क पत्रकाचे असेल. लेखी मूल्यांकन हवे असल्यास मालकाने स्वतंत्रपणे आपल्या पसंतीच्या मूल्यांकनकाराकडे जावे, आणि सत्रात बसलेल्या कोणीही त्या वस्तूसाठी पुढे काम स्वीकारू नये. शेवटचे कलम काहींना जाचक वाटले. मतदानाने ते राहिले.

१५ जून

काचेची बाजू अजून लंगडी आहे. आज युरेनियम मिसळलेल्या काचेची पिवळट हिरवी वाटी आली आणि तिच्यासाठी अतिनील दिवा मंडळाने घेतला. वाटी त्या उजेडात झगझगीत हिरवी दिसते, त्यामुळे नवख्यांना आनंद होईल; पण दिव्याचा खरा उपयोग सांधलेल्या पोर्सेलिनवर आहे, कारण नंतरचा रंग आणि भरणी मूळ झिलईपेक्षा वेगळी उजळतात. युरेनियमची काच आजही बनते, तेव्हा नुसत्या उजळण्यावरून वय ठरवू नये, असे पत्रकात ठळक लिहिले. वस्त्रांचा विभाग मी घेणार नाही. तो विषय माझा नव्हे. विणकामात विशेष अभ्यास केलेल्या दोघी सभासदांनी तो उचलला आहे.

हस्तांतरणाच्या पत्रावर सह्या झाल्या. त्यात एक कलम मी आग्रहाने घातले आहे : एखादी वस्तू शिकवण्याच्या उपयोगाची राहिली नाही तर मंडळाने ती दुसऱ्या शिक्षणसंस्थेला द्यावी किंवा नोंद करून निकालात काढावी, पण विकू नये, कारण या संचातली डागडुजी केलेली वस्तू बाजारात परत गेली तर पत्रक मागे राहील आणि वस्तू पुढे जाईल. खजिनदारांनी विचारले की, मोडक्या तबकाला गिऱ्हाईक कोण मिळणार. मुलामा देऊन आणल्यास मिळेल, असे सांगितल्यावर त्यांनी सही केली.